पानावरचा सूर्य, सुतातला सूर्य

श्रावणातल्या पहिल्या रविवारी पहाटे उठायचं, पण तोंडातून शब्द काढायचा नाही. अंगावरच्या वस्त्रासकट अंघोळ करायची. कोणी हात बुडवण्याआधीचं ताजं पाणी भरून आणायचं. विड्याच्या पानावर रक्तचंदनानं सूर्यदेव रेखायचा, सहा रेघांचं मंडळ काढायचं, सहा पदरी सुताचा तातू करायचा आणि त्याला सहा गाठी मारायच्या. मग पूजा, धूप, गूळखोबऱ्याचा नैवेद्य आणि कहाणी. श्रावणात घेतलेला वसा माघातल्या रथसप्तमीला पुरा करायचा.

आदित्य-राणूबाईचा हा वसा विदर्भातल्या कितीतरी घरांत अजून चालतो. कहाणी ऐकताना आपलं लक्ष गोष्टीकडे असतं, आणि गोष्ट आहेही तशी खट्याळ. एका गरीब ब्राह्मणाला रानात नागकन्या-देवकन्या हा वसा वसताना दिसतात, तो वसा घेतो, त्याचं भलं होतं. एक लेक राजाच्या घरी पडते, दुसरी प्रधानाच्या. बाप कहाणी सांगायला येतो तेव्हा राणीला ऐकायला सवड नसते. प्रधानाची बायको मात्र मनोभावे ऐकते. पुढे राणीला दारिद्र्य येतं आणि ती मुलांना एकेक करून मावशीकडे धाडते. मावशी कोहळा पोखरून त्यात होनमोहरा भरून देते, तर वाटेत खुद्द सूर्यनारायण माळ्याच्या वेषात येऊन भाच्याच्या हातचा कोहळा काढून घेतो. दुसऱ्या भाच्याची मोहरा भरलेली पोकळ काठी तो गुराखी होऊन पळवतो. गोष्टीच्या शेवटी तो जेवायला येतो तर पहिल्याच घासाला केस लागतो, कारण कोणीतरी रविवारी वळचणीखाली बसून केस विंचरलेले असतात. पंधरा कोटी किलोमीटरवरचा तो धगधगता गोळा इथं माळ्याच्या वेषात कोहळे हिसकावत हिंडतो आणि ताटातल्या केसावरून चिडतो. इतका घरगुती सूर्य मला तरी दुसरीकडे कुठं भेटलेला नाही.

सी. ए. किंकेड या इंग्रज अधिकाऱ्यानं १९१४ मध्ये आपल्या वारांच्या कहाण्या इंग्रजीत नेल्या, तेव्हा पुस्तकाची सुरुवात याच रविवारच्या गोष्टीनं केली. त्या पुस्तकातली चित्रं एम. व्ही. धुरंधरांची. गोष्ट जगभर गेली. कृतीकडे मात्र कोणी फारसं पाहिलं नाही, आणि नवल खरं त्या कृतीत आहे. तिच्यात साधन ठरलेलं आहे, रंग ठरलेला आहे, आकडा, वार, महिना, इतकंच काय, तोंड बंद ठेवणंही ठरलेलं आहे. सूर्याचा ताईत कसा करावा याची इतकी नेमकी माहिती बायकांनी तोंडपाठ करून पिढ्यान्‌पिढ्या पोचवली. हे किती दुर्मीळ आहे ते कळायला विदर्भातल्या वर्ध्याहून युक्रेनमधल्या कीवपर्यंत जावं लागतं.

स्लाव्ह लोकांचा म्हणजे आजच्या रशियन, युक्रेनियन, पोलिश, सर्ब वगैरे मंडळींच्या पूर्वजांचाही एक सूर्यदेव होता. नाव दाझबोग. जुन्या रशियन बखरीत नोंद आहे की इ. स. ९८० मध्ये राजा व्लादिमीरनं कीवमध्ये आपल्या वाड्याबाहेरच्या टेकडीवर देवांच्या मूर्ती उभ्या केल्या. मेघगर्जनेचा देव पेरून, त्याचं डोकं चांदीचं आणि मिशा सोन्याच्या. शेजारी खोर्स, दाझबोग, स्त्रीबोग, सिमार्गल आणि मोकोश. यातला खोर्ससुद्धा सूर्याचाच असावा असं बरेच अभ्यासक मानतात. आठच वर्षांनी, ९८८ मध्ये, त्याच राजानं ख्रिस्ती धर्म घेतला आणि त्याच मूर्ती तोडल्या, जाळल्या. पेरूनला तर घोड्याच्या शेपटीला बांधून टेकडीवरून ओढत नेलं आणि नीपर नदीत ढकललं. काठावर लोक रडत होते, असंही बखरकार लिहून ठेवतो. तो स्वतः ख्रिस्ती मठातला माणूस, तरी हे लिहिल्यावाचून त्याला राहवलं नाही.

दाझबोग सूर्यच होता हे आपल्याला कळतं ते एका विलक्षण आडवळणानं. बखरीच्या एका प्रतीत १११४ सालाखाली रशियातल्या लादोगा गावची हकिकत आहे. तिथले लोक बखरकाराला सांगतात की आमच्याकडे मोठं वादळ झालं की पोरांना काचेचे मणी सापडतात, भोकं पाडलेले, लहानमोठे. ते ढगांतून पडतात. बखरकाराला नवल वाटतं, तो स्वतः शंभरावर मणी गोळा करतो. मग अशा गोष्टी पूर्वीही घडल्या आहेत हे दाखवायला तो एका जुन्या ग्रीक इतिहासाचा उतारा देतो. त्यात इजिप्तमध्ये आकाशातून लोहाराचा सांडस पडल्याची कथा आहे, आणि भाषांतर करणाऱ्यानं ग्रीक देवांच्या जागी आपले देव घातले आहेत: अग्नीचा देव स्वारोग आणि त्याचा मुलगा सूर्य, ज्याला दाझबोग म्हणतात. लादोग्यात आठव्या-नवव्या शतकात काचेच्या मण्यांचा मोठा उद्योग होता. पाऊस माती धुऊन न्यायचा आणि मणी वर यायचे. एका देवाची ओळख जगाला उरली ती अशी, मातीतून वर आलेल्या मण्यांच्या निमित्तानं.

बस, इतकंच. त्याची पूजा कशी करत, कोणत्या वारी, कोणत्या रंगानं, काय बांधत, काय खात, याचा एक शब्द नाही. त्याची निर्विवाद म्हणावी अशी एकही जुनी प्रतिमा नाही. १८४८ मध्ये आजच्या युक्रेनमधल्या झ्ब्रुच नदीतून अडीच मीटरहून उंच असा चारमुखी दगडी खांब निघाला, तो आज पोलंडमधल्या क्राकोच्या संग्रहालयात आहे. त्याच्या एका बाजूवर सूर्याची खूण आहे, आणि रिबाकोव या सोव्हिएत पुरातत्त्वज्ञानं ती बाजू दाझबोगची ठरवली. दगडावर नाव कोरलेलं नाही, तेव्हा तो तर्क तर्कच राहतो.

म्हणून आज पूर्व युरोपातल्या ज्या मंडळींना आपल्या जुन्या देवाची आठवण जवळ ठेवावीशी वाटते, ते सूर्यचक्र कागदावर छापून घेतात, कात्रीनं कापतात, पाकिटात ठेवतात किंवा दारावर लावतात. त्यातलं सर्वांत प्रसिद्ध चिन्ह आहे आठ आऱ्यांचं, आरे एका बाजूला वळलेलं चक्र. ते हजारो वर्षांचं आहे असं ठोकून सांगितलं जातं. प्रत्यक्षात या रूपातलं ते चक्र स्तानिस्वाव याकुबोव्स्की या पोलिश चित्रकारानं १९२३ मध्ये काढलेल्या मुद्राचित्रांपर्यंत मागे जातं आणि त्याचा बोलबाला झाला तो १९९० नंतर. काही कडव्या राष्ट्रवादी टोळ्यांनीही ते उचललं आहे, तेव्हा कोणी हौसेनं दिलं तर गळ्यात घालण्याआधी चौकशी केलेली बरी.

खरं जुनं काय, तर दहाव्या ते बाराव्या शतकातल्या बायकांच्या थडग्यांतून निघालेली चंद्रकोरीची लोंबती पदकं. आणि घराच्या तुळईवर कोरलेलं सहा पाकळ्यांचं फूल. युक्रेन आणि कार्पेथियन डोंगरातल्या लाकडी घरांच्या छताला आधार देणाऱ्या मुख्य तुळईवर हे फूल हमखास असे. कोणी त्याला सूर्य म्हणतं, कोणी विजेपासून घर वाचवणारी खूण. ते काढायला चित्रकला यावी लागत नाही. कंपासमध्ये हवं तेवढं अंतर घ्या, वर्तुळ काढा, आणि तेच अंतर कायम ठेवून परिघावर टोक टेकवत चला. बरोब्बर सहाव्या वेळी तुम्ही निघालात त्याच बिंदूवर येता, केसभरही इकडेतिकडे नाही, कारण मध्यबिंदूभोवती सहा समभुज त्रिकोण चपखल बसतात. दर टोकावरून कंस काढले की सहा पाकळ्या आपोआप उमलतात. सहावीतल्या पोराला कंपासपेटी मिळाल्यावर हा शोध आपला आपण लागतो, आणि कार्पेथियातल्या सुताराला दोरी-खिळ्यानं लागला होता.

आपल्या तातूचे पदर सहा, गाठी सहा, मंडळाच्या रेघा सहा. तिकडं पाकळ्या सहा. नातं जोडायचा मोह होतो. तो आवरावा हे उत्तम. सहा हा आकडा वर्तुळाच्या पोटातच आहे, तो कोणालाही कुठंही सापडू शकतो.

नातं शोधायचंच असेल तर सूर्याच्या पायांकडे पाहावं. उत्तर भारतातल्या जुन्या सूर्यमूर्तीला गुडघ्यापर्यंत बूट असतात. सबंध देवमंडळात बूट घालणारा देव जवळजवळ हा एकच. सहाव्या शतकातला वराहमिहीर बृहत्संहितेत स्पष्ट सांगतो की सूर्याचा वेष उत्तरेकडच्या लोकांसारखा असावा, पायांपासून छातीपर्यंत अंग झाकलेलं असावं, कमरेला विशिष्ट पट्टा असावा. मथुरेच्या संग्रहालयातला मस्तक हरवलेला कनिष्क पाहिला आहे का? तेच बूट, तोच लांब अंगरखा. मध्य आशियाच्या गवताळ माळावरचा हा घोडेस्वारी पोशाख शककुशाणांबरोबर आला आणि सूर्याच्या अंगावर चढला. सूर्याची पूजा करणारे 'मग' नावाचे ब्राह्मण शाकद्वीपातून आले, असं सांब आणि भविष्य पुराणं सांगतात. आणि तिकडं कीवच्या टेकडीवरचा खोर्स? त्याचं नाव इराणी भाषांतल्या सूर्यवाचक शब्दावरून आलं असावं, असा अनेक भाषापंडितांचा कौल आहे. म्हणजे त्याच गवताळ माळाच्या एका टोकाकडून सूर्य भारतात बूट घालून उतरला, दुसऱ्या टोकाकडून युक्रेनमध्ये नाव घेऊन पोचला. दक्षिणेकडे उतरता उतरता त्यानं बूट काढले. तमिळ देशातला सूर्य अनवाणी आहे. उन्हाळ्यात गुडघाभर बूट घालायचे नाहीत, एवढं शहाणपण देवालाही आलं असावं.

पुराणकारांनी बुटांना आपलं कारणही शोधलं. सूर्याचं तेज सोसवेना म्हणून बायको संज्ञा आपल्या जागी छायेला ठेवून निघून गेली. मग विश्वकर्म्यानं सूर्याला सहाणेवर घालून त्याचं तेज तासलं, पण पाय तेवढे राहिले. म्हणून मूर्तिकारानं सूर्याचे पाय उघडे दाखवायचे नाहीत. राणूबाई हीदेखील याच घरातली. सूर्याच्या पत्नींमध्ये राज्ञी नावाची एक आहे, गुजरातेत तिला रांदल म्हणून पुजतात, खानदेशात श्रावणातल्या रविवारी कानबाईच्या जोडीला रानबाई येते. मोठ्या देवळांत ती कधीच बाजूला पडली. घरात, पानावर, ती नवऱ्याच्या जोडीनं बसली.

देवळांबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. महाराष्ट्रात सूर्याची देवळं थोडी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीचा कनकादित्य आहे, तिथं रथसप्तमीचा उत्सव मोठा असतो. भाजे लेण्यातलं घोड्यांच्या रथाचं शिल्प सूर्याचं आहे असं अनेकजण मानतात. जेजुरीच्या खंडोबाला मार्तंड म्हणतात, त्याचा वार रविवार आणि त्याचा भंडारा पिवळा, तेव्हा सूर्याचा मोठा वाटा तिकडं गेला. वर्धा जिल्ह्यात सूर्याचं जुनं दर्शन घडतं ते तांब्याच्या पत्र्यांच्या परंपरेत. हिंगणघाट तालुक्यातल्या जांबला वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट मिळाला. पाचव्या शतकातल्या या राजाची प्रवरपूर नावाची राजधानी म्हणजे धाम नदीकाठचं पवनार, असं वा. वि. मिराशी यांनी मांडलं. दुसरे विद्वान मनसरकडे बोट दाखवतात. वाकाटकांच्या दानपत्रांत जमीन किती काळासाठी दिली याचं उत्तर ठरलेलं असे: चंद्र आणि सूर्य आहेत तोवर. पुढं राष्ट्रकूट आले. तिसऱ्या कृष्णाचा शके ८६२ म्हणजे इ. स. ९४० चा ताम्रपट देवळीला सापडला. नंतरच्या काळात तर शिलालेखांवर, वीरगळांवर अक्षरांच्या डोक्यावर चंद्रसूर्य कोरायची रीतच पडली. अक्षरओळख नसलेल्याला तेवढ्या दोन आकृत्यांवरून कळे की हा शब्द मोडायचा नाही.

आता छापील देवांकडे येऊ, कारण कागदावरचा ताईत आपल्याला काही नवा नाही. आषाढ संपत आला की वर्ध्याच्या बाजारात जिवतीचे कागद लागतात. वर खांबातून निघालेला नरसिंह आणि कालियाच्या फण्यांवरचा कृष्ण, मध्ये लेकरांनी वेढलेल्या जरा-जिवंतिका, खाली हत्तीवरचा बुध आणि वाघावरचा बृहस्पती. हा कागद भिंतीला डकवायचा, त्याला आघाड्याची-दूर्वांची माळ घालायची, लेकराबाळांची खुशाली मागायची. पूर्व विदर्भातल्या गावांत जिवतीच्या अमावास्येला दाराला कडुनिंबाचे डहाळे लागतात आणि लोहार चौकटीत खिळा ठोकून जातो. कागद, पाला आणि लोखंड असा तिहेरी बंदोबस्त. पुण्याचा चित्रशाळा छापखाना १८७८ मध्ये निघाला, नंतर रविवर्म्याचा निघाला, आणि देव रंगीत होऊन स्वस्तात घरोघर गेले.

या जिवतीच्या कागदावर वार मोजून पाहा. बुध-बृहस्पती हे बुधवार-गुरुवारचे. जिवतीचा शुक्रवार. नरसिंहाचा शनिवार. कृष्ण नागपंचमीचा. रविवारचा सूर्य नेहमीच्या कागदावर नाही. आठवड्याची सुरुवात ज्याच्या नावानं होते तोच गैरहजर! छापणाऱ्याला जागा पुरली नाही असं नव्हे. रविवारचा देव हातानंच काढायचा, दर रविवारी नव्यानं, अशीच कृती आहे. तो साठवायचा नाही, पुढच्या रविवारापर्यंत पान सुकून गेलेलं असतं. दाझबोगच्या भक्तांकडे देवाचं नाव राहिलं आणि कृती गेली, म्हणून त्यांना छापून जपावं लागतं. आपल्याकडे कृती राहिली, म्हणून जपायला काही ठेवावंच लागलं नाही. माझ्या मते या वशातलं सर्वांत थोर शहाणपण हे आहे.

त्यातली साधनंही पाहण्यासारखी आहेत. विड्याच्या पानाची वेल, नागवेल, उन्हाला भिते. रामटेककडचे, अंजनगावकडचे पानमळे पाहा: आधाराला झाडं, भोवती कूड, आत कायम गारवा आणि ओल. उघड्या उन्हात ती करपते. ज्या पानाला सूर्य सोसत नाही त्याच पानावर सूर्य काढायचा. संज्ञेची गोष्ट इथं कोणाला आठवली तर नवल नाही. रक्तचंदन तर त्याहून लांबचं. साध्या चंदनाशी त्याचा संबंध नाही, त्याला वासही फारसा नाही. हे झाड जगात नैसर्गिकपणे उगवतं ते आंध्रातल्या शेषाचलम, नल्लमला अशा मोजक्या डोंगरांत. त्याच्या लाकडातलं लाल द्रव्य पाण्यात जवळपास विरघळत नाही. म्हणून सहाणेवर उगाळताना जे गंध मिळतं तो रंगाचा द्राव नसतो, लाकडाचाच अतिबारीक लाल गाळ असतो. तो पानाच्या मेणचट पाठीवर बसतो आणि वाळल्यावर उगवत्या बिंबासारखा लाल दिसतो.

पण श्रावणात का? सूर्याची पूजा करायची तर तो लख्ख दिसतो तेव्हा करावी. याचं उत्तर वर्ध्याच्या आभाळात आहे.

वर्धा साधारण पावणेएकवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. कर्कवृत्त आपल्या उत्तरेला, त्यामुळे सूर्य आपल्या डोक्यावरून वर्षात दोनदा जातो: एकदा उत्तरेकडे चढताना २४ मेच्या सुमारास, एकदा परतताना १९-२० जुलैच्या सुमारास. पहिली फेरी कोणाला सांगावी लागत नाही. २५ मेच्या आगेमागे सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि नवतपा लागतो. पंचांग नवतपा म्हणतं आणि भूगोल म्हणतो सूर्य माथ्यावर. दोघांच्या तारखा एका दिवसानं लागून येतात. किरण सरळ खाली, आभाळ कोरडं, जमिनीत ओल नाही, त्यामुळे आलेली सगळी उष्णता हवा तापवण्यातच जाते. पारा पंचेचाळीस ओलांडतो. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, घरात पन्हं, खिडकीत वाळ्याच्या ताट्या. महात्मा गांधी शेगावात म्हणजे नंतरच्या सेवाग्रामात राहायला आले तो दिवस ३० एप्रिल १९३६ होता. मुहूर्त कोणी काढला होता कोण जाणे!

कीव पन्नास अंशांच्याही वर. तिथं डिसेंबरच्या अखेरीला दिवस आठ तासांचा, आणि भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम सोळा अंश वर. इतक्या तिरप्या किरणांचा एक मीटर रुंदीचा झोत जमिनीवर साडेतीन मीटर पसरतो, ऊब तितकी पातळ होते. वर्ध्यात त्याच दिवशी सूर्य पंचेचाळीस अंशांवर असतो आणि दिवस जवळपास अकरा तासांचा. म्हणून स्लाव्ह माणूस हिवाळ्यात सूर्याला परत ये म्हणून गाणी म्हणायचा, वसंताच्या तोंडाशी गोल धिरडी खायचा, हिवाळ्याचा पुतळा जाळायचा. त्याला सूर्य हरवण्याची भीती. वर्धेकराला मे महिन्यात वेगळीच भीती: हा जाणार कधी?

आणि मग जुलैची दुसरी फेरी येते. सूर्य पुन्हा बरोबर माथ्यावर, मेइतकाच सरळ, पण वर ढगांचं छत असतं आणि कोणाच्या गावीही नसतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत श्रावण लागतो. शेतात कपाशी, तूर, सोयाबीन पायावर उभी राहिलेली असतात, आठवडाआठवडा ऊन नाही, पानं पिवळी पडू पाहतात, रोग-किडींचे हेच दिवस. मे महिन्यात ज्याला शिव्या दिल्या त्याची वाट पाहायची वेळ आता येते. वसा याच दिवसांत घ्यायचा, आणि पुरा करायचा रथसप्तमीला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, गुळाच्या पोळ्या आणि बोटव्यांची खीर करून, अंगणात गोवऱ्यांवर बोळक्यातलं दूध ऊतू घालून. वशाचा हा काळ आणि कपाशीला पात्या-फुलं लागल्यापासून शेवटच्या वेचणीपर्यंतचा काळ जवळपास एकच आहे. हे कोणी ठरवून केलं असं मी म्हणणार नाही, कारण हा वसा कापूस न पिकणाऱ्या मुलखातही आहे. वर्ध्यात मात्र तो अगदी नेमका बसतो.

कारण तातू सुताचा, आणि सूत म्हणजे वर्धा. एकोणिसाव्या शतकात हिंगणघाटचा कापूस त्याच नावानं विलायतेच्या बाजारात ओळखला जाई. या कापसासाठीच आगगाडी इकडं लवकर आली, हिंगणघाट-पुलगावला गिरण्या निघाल्या, आणि पुढे याच जिल्ह्यात चरख्याची राजधानी झाली. मगन संग्रहालयाचं उद्घाटन गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी झालं.

त्या सुताचा एक तंतू सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर जे दिसतं ते मला या साऱ्या विषयातलं परमाश्चर्य वाटतं. कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी. एकच! ती फूल उमलल्याच्या दिवसापासून लांबत जाते, अडीच-तीन सेंटिमीटरपर्यंत, आपल्या जाडीच्या हजारपटीहून जास्त. साधारण तीन आठवड्यांनी लांबणं मंदावतं आणि पेशी आतून भिंतीवर सेल्युलोजचे थर चढवू लागते. १९१९ मध्ये विल्यम लॉरेन्स बॉल्स या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानं इजिप्तच्या कापसावरून दाखवलं की हे थर दिवसाला एक या हिशेबानं चढतात, झाडाच्या खोडातल्या वार्षिक वलयांसारखे, फक्त इथं एक वलय म्हणजे एक दिवस-रात्र. दिवसा ऊन आणि ऊब, रात्री थंडावा, या चढउतारानं थराथरांत सीमारेषा उमटते. प्रयोगशाळेत उजेड आणि उष्णता सतत सारखी ठेवली तर थर चढतो, पण वलयं उमटत नाहीत. बोंड फुटतं तेव्हा तंतूच्या भिंतीत त्या शेतावर उगवलेल्या वीस-पंचवीस सूर्यांची नोंद जमा झालेली असते.

म्हणजे सहा पदरी तातूत सूर्याला वेगळं बोलवावंच लागत नाही. तो आधीच तिथं आहे, दिवसागणिक मोजून ठेवलेला, सेलूच्या किंवा आर्वीच्या एखाद्या वावरात मावळलेल्या प्रत्येक दिवसाचा. ज्या बायकांनी ही कृती जपली त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता, आणि त्यांना हे ठाऊक होतं असा दावा करणं हा त्यांचाही आणि विज्ञानाचाही अपमान होईल. पण कृती राहिली म्हणून आज तिच्यात हे पाहता आलं.

वर्ध्यानं यात आणखी एक भर घातली आहे. मगनवाडीतल्या महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेनं सौर चरख्यावर काम केलं. छपरावरच्या पट्ट्या ऊन पकडतात, त्या विजेवर चात्या फिरतात, पायाचे आणि हाताचे श्रम वाचतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं देशभरासाठी सौर चरख्याची मोहीम काढली. निरभ्र दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे हजार वॅट ऊन पडतं; त्याचा पाचवा हिस्सा जरी विजेत उतरला तरी चरखा पळतो. सूर्यानं वाढवलेला कापूस आता सूर्यच कातून देतो. कहाणीतला देव माळी होतो, गुराखी होतो. कातणारा होण्याची त्याची हौसही इथं फिटली.

तेव्हा कोणाला सूर्याचा ताईत हवा असेल तर छापखान्यात जाण्याची गरज नाही. एक विड्याचं पान, उगाळलेलं रक्तचंदन आणि सहा पदर सूत पुरतं. ते नको असेल, देवाधर्माशी घेणं नसेल, तरी एक करा. २४ मेच्या दुपारी बारा वाजून बारा मिनिटांच्या सुमारास वर्ध्यात उघड्या जागी सपाट जमिनीवर एखादी उभी काठी रोवा किंवा पाण्याचा सरळ पेला ठेवा. त्याची सावली बाजूला कुठंच पडणार नाही. पोरांना दाखवा, आणि डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय बाहेर पडू नका.